परसातील मुंडकार

घराभोवतीच्या बागेत पक्षी, फुलपाखरे आणि इतर लहानमोठे जीव यावेत म्हणून काय करावे, ह्या विषयावर अलीकडे मराठीत पुष्कळ लिहिले जाते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, बागकामाच्या पुस्तकांतून आणि निसर्गमंडळांच्या पत्रकांतून तो वरचेवर भेटतो. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि माहितीही बहुधा खरी असते. तरीही हे लेखन एकत्र ठेवून वाचू लागले की त्यातील एक शब्द मनाला खटकत राहतो. तो शब्द म्हणजे 'आकर्षित करणे'. पक्ष्यांना आकर्षित करणारी झाडे, फुलपाखरांना आकर्षित करणारी फुले, खारींना आकर्षित करणारे खाद्य अशीच बहुतेक लेखांची मांडणी असते. शब्द हा विचाराचा साक्षीदार होय. उलटतपासणीत साक्षीदार टिकला नाही, तर मूळ दाव्याकडेच पुन्हा पाहावे लागते. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे, आणि त्यासाठी भूमी घेतली आहे ती पांढुर्णा व सौंसर ह्या दोन तालुक्यांची.

ह्या भूमीची निवड सोयीची आहे म्हणून केलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हे मराठी बोलणारे तालुके मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. उत्तरेस सातपुड्याचे डोंगर, पूर्वेकडे पेंचचे अरण्य, दक्षिणेस नागपूर, आणि मधल्या काळ्या जमिनीवर संत्र्यांचे बगिचे, असा हा प्रदेश आहे. येथे अरण्य दूर नाही आणि बाग ही नुसती हौस नाही. बागेवर येथील माणसाचे पोट आहे. त्यामुळे 'बागेत जीवजंतू यावेत' हे वाक्य पुण्या-मुंबईच्या गच्चीवर जितक्या सहजतेने उच्चारता येते, तितक्या सहजतेने ते सौंसरच्या बांधावर उच्चारता येत नाही. एखाद्या विचाराची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

आता मूळ शब्दाकडे वळू. आकर्षित करणे ह्या क्रियेत कर्ता असतो तो बागेचा मालक. पक्षी हे तिचे कर्म. पक्षी यावा, आपणांस दिसावा, आपल्या डोळ्यांस सुख द्यावे आणि निघून जावे, एवढीच अपेक्षा ह्या शब्दाच्या पोटात आहे. म्हणून ह्या लेखनात पाण्याचे कुंडे, दाण्याची टांगती थाळी, रंगीत फुलांचे वाफे ह्यांना अग्रस्थान मिळते. ह्यांतले काही वाईट आहे असे नाही. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा मातीच्या उथळ पसरट भांड्यातले पाणी हे खरेच जीवनदान असते. पण दाण्याच्या थाळीवर बहुधा कोण येते, हे पाहण्यासारखे आहे. पारवे येतात, साळुंक्या येतात, चिमण्या येतात. ज्यांना माणसाच्या सहवासात जगण्याची कला आधीच साधली आहे, त्यांचीच त्यामुळे अधिक सोय होते. शिंपी, दयाळ, चष्मेवाला ह्यांचा संसार त्या थाळीवर चालत नाही.

ह्याचे कारण पक्ष्यांच्या पिलांच्या आहारात आहे. मोठेपणी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना प्रथम अळ्या आणि किडे भरविते. अळी मऊ असते, पचावयास सोपी असते, आणि वाढत्या जीवाला लागणारी प्रथिने तीत भरपूर असतात. अळ्या हव्यात तर पाने हवीत. आणि तीही अशी, की जी खाण्याची सवय येथील किड्यांना पिढ्यान्‌पिढ्या लागलेली आहे. २०१८ साली अमेरिकेत नरँगो, टॅलमी आणि मारा ह्या तीन संशोधकांनी वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील घरगुती बागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बागांत परदेशी शोभेच्या झाडांचे प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक होते, तेथे तिकडच्या चिकडी नावाच्या लहान पक्ष्याला आपली संख्या टिकविण्याइतकी पिले वाढविता येत नव्हती, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत, हे उघड आहे. परंतु त्यामागचा न्याय आपल्या परसालाही लागू पडतो. क्रोटन, ड्युरँटा आणि कातरलेली हिरवळ ह्यांची बाग दिसते नीटनेटकी. तिच्या पानांना भोके नसतात, आणि म्हणूनच तिच्यात घरटेही क्वचित नांदते. आपण ज्याला बागेची निगा म्हणतो, तिचा पुष्कळसा भाग म्हणजे पिलांच्या ताटातले अन्न काढून घेणे होय.

हा विचार मराठी साहित्यात फारसा का रुजला नाही, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. निसर्गाविषयीची आपली लेखनपरंपरा दरिद्री मुळीच नाही. १९५६ साली, म्हणजे ह्या भागाची सीमारेषा आखली गेली त्याच वर्षी, दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले, आणि बारा महिन्यांकडे पाहण्याची एक नवी दृष्टी मराठी वाचकाला लाभली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहून अरण्यातला मुक्काम वाङ्मयात आणला. मारुती चितमपल्ली तर वनखात्याच्या सेवेत आयुष्य घालवून जंगलाचे शब्दभांडारच घेऊन आले. 'रानवाटा', 'पक्षी जाय दिगंतरा' आणि 'पक्षिकोश' ह्या ग्रंथांनी विदर्भाच्या रानाला मराठीत घर मिळवून दिले. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा एक वनच अबोल झाले असे अनेकांना वाटले असेल.

ह्या थोर लेखकांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ह्या लेखनाने वाचकाला जी सवय लावली, ती घर सोडून जाण्याची. निसर्ग म्हणजे जेथे जावे लागते ते स्थळ. तेथे मचाण असते, तलाव असतो, पहाटेचा गारवा असतो, आणि परत आल्यावर सांगण्यासारखे काही असते. माडगूळकर-चितमपल्लींचा हा दोष नव्हे. त्यांचे क्षेत्रच ते होते. दोष असेल तर तो त्यांच्या अनुकरणकर्त्यांचा आणि आपणां वाचकांचा. अरण्याच्या विस्मयाने भारलेला डोळा घरी परतला की परसातल्या लिंबावरची अळी त्याला दिसत नाही, आणि दिसली तर ती कीड म्हणून दिसते. परसाचे वाङ्मय आपल्याकडे राहिले ते बायकांच्या तोंडी, जात्यावरच्या ओव्यांत. तेथे कावळा निरोप आणतो, चिमणी बाळाच्या घासात वाटेकरी होते, नाग वारुळातला भाऊ होतो. त्या ओव्यांत आकर्षण कोठेच नाही. आहे ते शेजार. आधुनिक निबंधाने रानाचा वारसा घेतला आणि परसाचा वारसा सोडून दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

भाषेनेही ह्यात आपली भूमिका बजावली आहे. 'वन्यजीव' ह्या शब्दात वन आधीच येऊन बसलेले आहे; त्यामुळे परसातला पिंगळा वन्यजीव आहे, असे म्हटले की ऐकणारा हसतो. येथे कायदा मात्र आपल्या बोलण्यापेक्षा उदार निघतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'वन्यजीव' ह्या संज्ञेची जी व्याख्या आहे, तीत वनाची अट नाही. कोणत्याही अधिवासाचा भाग असलेले प्राणी व वनस्पती तीत येतात. तुमच्या कवेलूखालची पोकळी हाही अधिवासच. त्याच अधिनियमात 'शिकार' ह्या शब्दाचा अर्थ इतका विस्तृत आहे, की पक्ष्याची अंडी फोडणे किंवा घरट्याला उपद्रव देणे हेही त्यात मोडते. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत संरक्षित पक्ष्याचे अंड्यांचे घरटे काढून फेकणारा सभ्य गृहस्थ कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

कायदा उदार आहे म्हणजे तो नेहमीच न्यायी होता, असे मात्र नाही. ह्याच अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे आणि उंदीर ह्यांना उपद्रवी म्हणून संरक्षणाबाहेर ठेवलेले होते. जे वटवाघूळ रात्रीतून कित्येक झाडांच्या बिया दूरवर नेऊन टाकते, त्याची गणना उंदरांबरोबर होत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची रद्द झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हा बदल अमलात आला. एखाद्या जीवाला उपद्रवी म्हणून घोषित करण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे आजही आहे. पण उपद्रव हा आता जन्माने चिकटलेला शिक्का राहिलेला नाही. आपल्या परसाविषयीच्या विचारातही अशीच एक दुरुस्ती होणे आवश्यक आहे.

ती दुरुस्ती सुचविण्यासाठी ह्या मासिकाच्या गोमंतकीय वाचकांना जवळची असलेली एक संस्था उसनी घ्यावीशी वाटते. ती म्हणजे मुंडकार. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार हा त्या जमिनीचा मालक नव्हे. पण १९७५ च्या कायद्याने त्याला तेथून हुसकून लावण्याविरुद्ध संरक्षण मिळाले. भाटकाराला तो आवडतो की नाही, त्याच्या अंगणाची शोभा वाढते की नाही, हे प्रश्न तेथे गैरलागू ठरतात. त्याचे वास्तव्य हाच त्याच्या हक्काचा पाया. परसातल्या जीवांकडे आपण आजवर फार तर अतिथी म्हणून पाहिले. अतिथी हा शब्द गोड आहे, पण अतिथीला जावे लागते, आणि त्याचे स्वागत यजमानाच्या लहरीवर अवलंबून असते. वळचणीला घरटे करणारी चिमणी, भिंतीच्या फटीतली पाल, मेंदीच्या कुंपणातला बुलबुल, लिंबाच्या पानाखालची अळी हे अतिथी नव्हेत. त्यांतले कित्येक आपल्या आधीपासून त्या जागेवर आहेत. ते आपले मुंडकार आहेत, असे मानले की 'आकर्षित कसे करावे' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हुसकून कसे लावू नये' हा प्रश्न पुढे येतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी बागच निर्माण करतात.

गोव्याचे कुळागर हे ह्या दुसऱ्या प्रश्नाचे जुने उत्तर होय. माड, पोफळ, फणस, आंबा, भिरंड, केळ, पोफळीवर चढलेला मिऱ्याचा वेल, खाली ओलसर पालापाचोळा आणि मधून वाहणारा पाट, अशी ही थरांची रचना माणसाच्या पोटासाठी उभी राहिली. तिच्या प्रत्येक थरात दुसऱ्या कोणाचे तरी घर झाले. तेथे कोणी पक्ष्यांना आकर्षित करीत नव्हते. पण कुळागराचे स्तोत्र गाऊन थांबणे हेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. माकडांनी फोडलेले नारळ आणि गव्यांनी तुडविलेली केळी ज्याने पाहिली आहेत, त्याला शहरातल्या माणसाचे निसर्गप्रेम कडूच लागते. २०१६ साली गोव्यात मोराचीही गणना उपद्रवी प्राण्यांत करावी असा विचार शासनाच्या पातळीवर बोलून दाखविला गेला, तो काही केवळ अरसिकपणामुळे नव्हे. भाटकारालाही पोट असते.

हीच गोष्ट सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्यात अधिक तीव्रतेने प्रत्ययास येते, आणि आपल्या सिद्धान्ताची खरी कसोटी येथे लागते. आंबिया बहाराची फळे पावसाळ्याच्या अखेरीस रंगू लागली की रात्री एक मोठा पतंग बगिच्यात येतो. त्याची सोंड इतकी कणखर असते, की ती संत्र्याची साल भेदून आत जाते. रस शोषून पतंग निघून जातो. मागे राहिलेल्या छिद्रातून बुरशी शिरते, फळ सडते आणि गळून पडते. ह्या पतंगाची अळी मात्र संत्र्याला तोंडही लावीत नाही. ती वाढते गुळवेलीवर, वासनवेलीवर, बांधावरच्या रानवेलींवर. म्हणून बगिच्याच्या आसपासच्या ह्या वेली उपटून टाकाव्या, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात, आणि तो चुकीचा नाही. दुसऱ्या बाजूस, गुळवेल ही घरोघरची औषधी. कडुनिंबावर चढलेली असेल तर अधिकच गुणाची मानली जाणारी. बागेत देशी वेली लावा, असे सांगणारा लेख गुळवेलीचे नाव हमखास घेतो. एकाच वेलीविषयी दोन प्रामाणिक सल्ले एकमेकांसमोर उभे राहतात. 'निसर्गावर प्रेम करा' एवढ्या उपदेशाने हा तंटा मिटत नाही.

न्याय करावयाचा तर जागा, काळ आणि नुकसान ही तिन्ही पाहावी लागतील. बगिच्याला लागून असलेल्या बांधावर गुळवेल ठेवण्याचा आग्रह धरणे हे शेतकऱ्याच्या खर्चाने पुण्य मिळविणे होय. तेथे ती काढावी, गळलेली फळे वेचून पुरावी, ज्यांना जमेल त्यांनी फळांना पिशव्या बांधाव्या. गावाच्या मध्यभागी, बगिच्यापासून दूर असलेल्या परसात मात्र तीच वेल राहू द्यावी. लिंबावरच्या फुलपाखराचेही असेच. त्याची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली असता डोक्यामागून शिंगासारखा उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. रोपवाटिकेत जंबेरीच्या कोवळ्या खुंटांवर ती पडली तर काही दिवसांत रोप बोडके होते. तेथे ती हाताने वेचलीच पाहिजे. पण परसातला वाढलेला लिंब, बेल किंवा कढीलिंब दहावीस अळ्यांना सहज पोसतो. त्या झाडावर विषारी फवारा मारणे हे न्यायाला धरून नाही. तेथे नुकसान जवळजवळ शून्य आणि शिक्षा मात्र मरणाची. मुंडकाराचा हक्क निरपवाद असत नाही, पण त्याला हुसकून लावण्यासाठी कारण दाखवावे लागते, आणि कारण दाखविण्याचे ओझे मालकावर असते. परसाच्या बाबतीत आपण हे ओझे आजवर उलट बाजूस ठेवीत आलो आहोत. अळीने आपली उपयुक्तता सिद्ध करावी, पालीने, धामणीने सिद्ध करावी, अशी आपली अपेक्षा असते. धामण उंदीर खाते हे तिच्या बाजूचे चांगले प्रमाण आहेच. परंतु ते प्रमाण नसते तरी काठी उगारण्यापूर्वी थांबणे योग्यच ठरले असते.

ह्या दृष्टीने पाहिले असता परसासाठी करावयाच्या गोष्टी थोड्या आणि न करावयाच्या गोष्टी अधिक निघतात. वाळलेली फांदी धोक्याची नसेल तर ठेवावी. तांबट तिच्यात ढोली कोरतो. एका कोपऱ्यात पालापाचोळा जाळू नये, कुजू द्यावा. कुंपणाशी एखादी रुई, एखादा एरंड उगवला तर उगवू द्यावा. रुईच्या पानांवर एका फुलपाखराची सारी बाळपणे जातात. शेवग्याची फुले शिंजिराला पुरतात, निंबोळ्या बुलबुल-साळुंक्यांना पुरतात, आणि जागा असेल तर उंबरासारखा दुसरा अन्नदाता नाही. पाण्याचे भांडे ठेवावे, पण ते रोज घासून भरावे. एरवी ते पक्ष्यांपेक्षा डासांचेच अधिक होते. रात्री अंगणातला दिवा विनाकारण जळत ठेवू नये. नवे घर काँक्रीटचे बांधले तर कवेलूच्या वळचणीची उणीव एखाद्या लाकडी खोक्याने भरून काढावी. नाशिकच्या एका संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळला जातो आणि अशी खोकी पुष्कळ ठिकाणी लागली आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात चिमणीची स्थिती देशभरात साधारण स्थिर आणि मोठ्या शहरांत मात्र उतरती दिसून आली. ह्याचा अर्थ असा, की आपल्या लहान गावांत ती अजून आहे. गावे शहरांच्या वळणावर जाण्याआधीच विचार झाला तर तो उपयोगी पडेल.

ह्या विचारात भाषेचाही एक वाटा आहे. पांढुर्णा-सौंसरची मुले शाळेत हिंदी शिकतात. कचेरी-कोर्टाची भाषाही हिंदी. शाळेत दूधराज हा राज्याचा पक्षी म्हणून भेटतो. त्यालाच मराठीत स्वर्गीय नर्तक म्हणतात हे सांगणारे कोणी भेटतेच असे नाही. पण शिंजीर, दयाळ, पिंगळा, तांबट ही नावे पुस्तकातून टिकत नाहीत. ती टिकतात कोणीतरी बोट दाखवून 'तो पाहा' म्हणते तेव्हा. बोट दाखवावयास पक्षी समोर असावा लागतो. परस ओसाड झाले की पक्षी जातो, आणि त्याच्यामागोमाग त्याचे मराठी नावही जाते. सीमेवरच्या माणसाला हे दुहेरी नुकसान अधिक जाणवते. गोमंतकीय वाचकालाही ते समजावून सांगण्याची गरज नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, आणि त्यासाठी पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवले जाते. त्या झाडासाठी दोन्ही काठ जिवावर उदार होतात. फाल्गुनात जो पळस शिंजीर, साळुंकी आणि कोतवाल ह्यांचे अन्नछत्र होतो, तो गावात अशा मानाने येतो, पण येतो तो तोडलेला. त्याच्या सन्मानात काही उणे आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणा बाहेरच्याला नाही. तथापि गावातल्या ज्या परसांत थोडी मोकळी जागा अद्याप आहे, त्यांतल्या काहींत एकेक पळस मुळांसकट उभा राहिला, तर आकर्षणाची भाषा आपोआप निरर्थक होईल. ज्याला राहावयास जागा आहे, त्याला बोलवावे लागत नाही.